बहीण होती, तरी किताब बुडाला

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज मी तुम्हाला एका विलायती किताबाची गोष्ट सांगणार आहे. किताब म्हणजे पदवी, नावापुढे लावायचा मान. हा किताब इंग्लंडच्या राजघराण्याने दिला, तीन पिढ्या चालला आणि १९३९ साली संपला. तुम्ही म्हणाल, आमच्या बचत गटाला विलायतेतल्या किताबाशी काय देणे-घेणे? थोडा धीर धरा. ही गोष्ट मुंबईच्या धक्क्यावरून निघते आणि आपल्या सातबाऱ्यापाशी येऊन थांबते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या कितीतरी जणी पहाटेच्या गाडीने मुंबईला माल आणायला जातात. कुलाब्याचा ससून डॉक त्यांना चांगला माहीत आहे. तिथली ओली फरशी, बर्फ, टोपल्या, लिलावाचा आवाज. पण हे ससून कोण?

ससून हे बगदादचे ज्यू घराणे. घरातला कर्ता पुरुष डेव्हिड ससून. तो १८३२ च्या सुमारास मुंबईला आला आणि इथे व्यापार सुरू केला. कापूस होता, कापड होते, आणि चीनला जाणारी अफूही होती. ही अफूची गोष्ट लपवायची नाही. त्या पैशात चीनमधल्या लोकांचे वाटोळे झाले, हे खरे. त्याच घराण्याने दानधर्मही मोठा केला. पुण्याचे ससून रुग्णालय, जिथे आजही खेड्यापाड्यांतून गरीब माणसे येतात, ते डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभे राहिले.

डेव्हिड यांचा थोरला मुलगा अब्दुल्ला. पुढे त्याने इंग्रजी वळणाचे आल्बर्ट हे नाव घेतले. कुलाब्याला समुद्रात भर घालून त्याने गोदी बांधली, ती १८७५ मध्ये पुरी झाली. तोच आपला ससून डॉक. मुंबईत ज्या भागाला काळा घोडा म्हणतात, तिथला घोड्यावर बसलेल्या युवराजाचा पुतळाही याच आल्बर्टने दिलेला. तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि राणीच्या बागेत नेला. मुलांना घेऊन राणीच्या बागेत गेलात तर बघा.

पुढे आल्बर्ट इंग्लंडला जाऊन राहिला. १८९० मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सरकारने त्याला 'बॅरोनेट' केले. हा किताब जरा वेगळा असतो. साधा 'सर' हा मान त्या माणसापुरता. माणूस गेला की मान गेला. बॅरोनेटचा 'सर' मात्र वारशाने चालतो. बापामागून थोरला मुलगा 'सर', त्याच्यामागून त्याचा मुलगा. म्हणजे आपल्या वतनासारखेच म्हणा ना. फक्त इथे जमीन नाही, नुसते नाव.

आल्बर्ट १८९६ मध्ये वारला. किताब मुलाकडे, एडवर्डकडे गेला. एडवर्ड इंग्लंडच्या पार्लमेंटचा सभासद होता. तो १९१२ मध्ये वारला. किताब त्याच्या मुलाकडे, फिलिपकडे आला. फिलिप वडिलांच्याच मतदारसंघातून निवडून आला, पुढे मंत्री झाला. पण त्याने लग्न केले नाही. ३ जून १९३९ ला तो वारला, आणि सरकारी नोंदवहीत त्या किताबापुढे लिहिले गेले, की किताब खुंटला.

का खुंटला? घरात कोणीच उरले नव्हते म्हणून? तसे नाही, बायांनो. फिलिपला सख्खी बहीण होती. तिचे नाव सिबिल. भाऊ गेला तेव्हा ती पंचेचाळिशीची होती. पुढे आणखी पन्नास वर्षे जगली, १९८९ मध्ये वारली. महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या महिला दलात तिने मोठ्या हुद्द्यावर काम केले. तिला मुले होती, दोन मुलगे आणि एक मुलगी. म्हणजे आल्बर्टचे रक्त होते, नातवंडे-पतवंडे होती. पण किताबाचा कायदा म्हणाला, मुलीला मिळत नाही. आणि मुलीच्या पोटच्या मुलालाही मिळत नाही, कारण तो बाईकडून आला.

गंमत अशी, की फिलिपचे घरदार, किमती चित्रे, सामानसुमान स्त्रियांच्याच वाट्याला आले. काही सख्ख्या बहिणीला, काही नात्यातल्या एका बहिणीला. म्हणजे संपत्ती सांभाळायला बाई चालली, आजोबांचे नाव चालवायला मात्र चालली नाही. सिबिलला स्वतःला मोठा सरदारी मान होता, पण तो नवऱ्याचा. लग्न करून आली म्हणून मिळालेला. आपल्याकडे पाटलाची बायको पाटलीणबाई होते, तसा.

याच ससून घराण्यात दुसरा एक किताब होता. आल्बर्टच्या पुतण्याला, जेकब ससून यांना, १९०९ मध्ये मिळालेला. त्या शाखेच्या मुंबईत मोठमोठ्या कापडगिरण्या होत्या. पुढे त्याच इंडिया युनायटेड मिल्स झाल्या. त्यांतली सहा नंबरची म्हणजे आपण जिला इंदू मिल म्हणतो ती. तिच्या जागेवर दादरला बाबासाहेबांचे स्मारक उभे राहते आहे. तो किताब जेकबकडून भावाकडे आणि भावाकडून पुतण्याकडे गेला. पुतण्या व्हिक्टर ससून १९६१ मध्ये मूलबाळ नसताना वारला आणि तोही किताब संपला.

आता एक प्रश्न. हा किताब देणारी कोण होती? व्हिक्टोरिया राणी. स्वतः बाई. राणीला राज्य चालते, पण राणीने दिलेला 'सर' मुलीला चालत नाही. इंग्लंडच्या गादीचा नियमही परवापर्यंत असाच होता. धाकटा भाऊ असला तर थोरली बहीण मागे. तो नियम २०१३ च्या कायद्याने बदलला. आता राजघराण्यात थोरली ती थोरली. पण बॅरोनेटचा कायदा तसाच आहे. आजही तिथे मुलगा नाही म्हणून किताब खुंटतात.

विलायतेचे विलायतेत राहू दे. आपल्याकडे काय होते ते आता बघू.

ठाणे जिल्ह्यात, कल्याण-डोंबिवलीच्या गावांत हाक मारली तर पाच जण वळून बघतील असे आडनाव कोणते? पाटील. मूळचे ते आडनाव नव्हतेच. ते पद होते. पाटील म्हणजे गावचा मुख्य. सारा गोळा करायचा, तंटे मिटवायचे, चोरी-दरोड्याची खबर वर द्यायची. त्याच्या बदल्यात वतनाची जमीन आणि गावात मान. होळी पहिली कोण लावणार, पोळ्याला पहिला बैल कोणाचा, देवीच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे सगळे पाटीलकीवर ठरायचे. तशीच कुलकर्ण्याची दप्तरकी. परगण्यावर देशमुख, देशपांडे. म्हात्रे हे नावसुद्धा जुन्या 'महत्तर' म्हणजे थोर, वडीलधारा या शब्दावरून आले, असे मानतात.

वतन सगळ्यांनाच मानाचे नव्हते, हेही सांगायला हवे. महार वतन म्हणजे रात्रंदिवस राबणूक. सरकारी कामाला कधीही बोलावणे, आणि पदरात तुटपुंजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात हा वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडले, ते म्हणूनच. त्यांच्या दृष्टीने हे वतन म्हणजे गळ्यातला फास होता.

ही सगळी वतने वंशपरंपरेने चालत. इंग्रज सरकारने १८७४ मध्ये त्यांचा एक कायदा केला, लोक त्याला वतन कायदा म्हणत. पाटीलकी कोणाच्या नावावर, भाऊबंदांच्या कोणत्या शाखेने किती वर्षे पाळीने काम करायचे, हे सगळे त्यात बांधले. आणि १८८६ मध्ये त्याला एक दुरुस्ती जोडली. ती नीट ऐका.

दुरुस्ती अशी होती. वतनदार घराण्यातली स्त्री, शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून, वारसाच्या रांगेत घराण्यातल्या प्रत्येक लायक पुरुषाच्या मागे राहील. आणि जो कोणी स्त्रीच्या नात्याने हक्क सांगेल, तोही मागे राहील.

सिबिलची गोष्ट आठवली ना? तीच रांग. समजा पाटील वारला, बायको आधीच गेलेली, पाठीमागे एकटी मुलगी. मुलीने बापाची सेवा केली, शेत राखले. तरी वतन जाणार लांबच्या चुलत्याकडे, चुलत भावाकडे, त्याच्याही पलीकडच्या भाऊबंदाकडे. सगळे पुरुष संपले, तर मग मुलगी. इंग्लंडमध्ये नुसते नाव जात होते. आपल्याकडे नावाबरोबर वतनाची जमीनही जात होती. मुलीची चोळीबांगडीवर बोळवण होत होती, आणि त्यावर सरकारी शिक्का होता.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. संविधानाच्या १८ व्या कलमाने सरकारला असे किताब द्यायची बंदी केली. कुलकर्णी आणि परगणा वतने १९५० च्या कायद्याने गेली. महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली. मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. संस्थानिकांचे तनखे आणि किताब १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने संपले. त्यात आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातले जव्हारचे मुकणे राजघराणेही आले.

आज गावात पोलीस पाटील आहे, पण ते पद वारशाचे नाही. १९६७ च्या कायद्याखालचे नेमणुकीचे पद आहे. अर्ज करायचा, परीक्षा द्यायची. काही जागा महिलांसाठी राखीव असतात आणि आज कितीतरी गावांत बाई पोलीस पाटील आहे. तिचे आडनाव पाटील असायलाच हवे असे नाही. जे पद बापाकडून मुलीला मिळत नव्हते, ते आता परीक्षा देऊन मिळते. यापेक्षा मोठा पालट कोणता?

मग सगळे छान झाले का? नाही. म्हणून तर आज बोलायला बसले.

वतन गेले तेव्हा वतनाच्या बऱ्याच जमिनी ठरावीक रक्कम भरून घेऊन पुन्हा त्याच घरांच्या नावे झाल्या. तिथवर त्या पुरुषांच्या रांगेतूनच आल्या होत्या. कायदा मेला, पण रांग घराघरांत राहिली. आजही आपण म्हणतो, "वंशाला दिवा नाही." आजही म्हणतो, "मुलगी परक्याचे धन." १८८६ ची ती दुरुस्ती कोणी वाचलेली नाही, पण पाळतात सगळे.

आणि आज आपल्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. समृद्धी महामार्ग शहापूर, भिवंडी, कल्याण तालुक्यांतून गेला. डोंबिवलीच्या बाजूच्या २७ गावांत इमारती उभ्या राहिल्या. मोबदल्याचा पैसा यायचा झाला की, मग बहिणीची आठवण होते. दहा वर्षांत ज्याने भाऊबीजेला बोलावले नाही, तो गाडी घेऊन दारात येतो. "ताई, एक सही हवी आहे. तलाठ्याचा कागद आहे." ताई सही करते. तो कागद असतो हक्कसोडपत्र.

हक्कसोडपत्र म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगते. या मिळकतीत माझा जो हिस्सा आहे, तो मी राजीखुशीने सोडला, असे लिहून दिलेला कागद. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्याची नोंदणी होते. एकदा नोंदला की सहज मागे घेता येत नाही. कोर्टात वर्षानुवर्षे जातात.

आता कायदा काय म्हणतो? हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क आहे. महाराष्ट्राने हा बदल १९९४ मध्येच केला होता, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. केंद्राचा कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला आणि लग्न झालेली मुलगीही आत आली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षे वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितले, की हयात असण्याची अट नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या उकरून काढता येत नाहीत. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीचे मृत्युपत्र ते कोणाच्याही नावे करू शकतात. मृत्युपत्र नसेल तर मुलगी, मुलगा, आई, आजी यांना सारखे हिस्से.

दोन गोष्टी वेगळ्या सांगते. शहापूर, मुरबाडच्या आपल्या वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बहिणींना हा हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही. त्यांनी आपल्या प्रकरणात वकिलाचा सल्ला घेऊनच पाऊल टाकावे. आणि मुस्लिम, ख्रिस्ती बहिणींचे वारशाचे कायदे वेगळे आहेत. त्यांतही मुलीला वाटा आहेच, हिशेब वेगळा असतो.

मग काय करायचे? भावाशी भांडायचे का? मी तसे म्हणत नाही. माहेर तुटले की बाई अर्धी तुटते, हे मला कोणी सांगायला नको. हक्क सोडायचा असेल तर सोडा. तुमचा हक्क, तुमची मर्जी. पण काय सोडते आहे हे कळून सोडा. किती गुंठे, काय भाव, किती मोबदला, हे विचारा. कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटातल्या कोणाकडून वाचून घ्या. दोन दिवस मागून घ्या. खरा भाऊ दोन दिवस थांबतो. आणि भावांनाही एक सांगायचे आहे. बहिणीने वाटा मागितला म्हणजे नाते तोडले असे नाही. तिला न सांगता सही घेतली, तिथे नाते तुटते.

वडील वारले असतील तर तलाठ्याकडे वारस नोंदीत आपले नाव आहे का, हे बघा. सातबारा, फेरफार यांची नक्कल काढा. फेरफाराची नोटीस आली आणि त्यात आपले नाव गाळलेले दिसले, तर मुदतीत लेखी हरकत द्या. तोंडी सांगून भागत नाही. हरकतीची पोच घ्या. वकिलाला पैसे नसले तरी अडत नाही. मिळकत कितीही असो, स्त्रीला सरकारी विधी सेवेतून मोफत वकील मिळतो. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात समिती असते. फोन नंबर १५१००. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सासरचेही बघा. नवरा हयात असतानाच बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावता येते. त्यासाठी १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. गटातल्या किती जणींची नावे लागली आहेत, एकदा मोजून बघा.

शेवटी नावाबद्दल. ससूनांचे नाव कोणामुळे राहिले? किताबामुळे नाही, तो तर केव्हाच संपला. धक्क्यावर टोपल्या उचलणाऱ्या बायकांच्या तोंडी आणि पुण्याच्या रुग्णालयाच्या दारात ते राहिले. घराण्याचे नाव मुलानेच चालते, ही समजूत त्या घराण्यानेच खोटी पाडली. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम आहे. कागदावर आई आली. आता तिचे नाव सातबाऱ्यावर यायला हवे, आणि तिच्या लेकीचेही.



गटात बोलण्यासाठी प्रश्न

१. तुमच्या गावात कोणते मान वंशपरंपरेने चालतात? त्यांत बायकांचा वाटा काय?

२. गटातल्या किती जणींचे नाव माहेरच्या वारस नोंदीत आहे? सासरच्या सातबाऱ्यावर किती जणींचे?

३. कोणी हक्कसोडपत्रावर सही केली आहे का? तेव्हा कागद वाचून दाखवला होता का?

४. पुढच्या बैठकीला दोन जणींनी आपापला सातबारा घेऊन यावा आणि सगळ्यांनी मिळून तो वाचावा.